मालकाची खुर्ची, तिसरा मजला

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही मेलेल्या माणसाची फार मोठी सोय आहे. जे तोंडावर बोलायचं राहिलं ते तो मागे ठेवलेल्या वस्तूंकडून बोलवून घेतो. तुम्ही उलट उत्तर द्यायला वळता, तर समोर कोण? लोखंडाची खुर्ची. तीही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, कठड्यात हात अडकवून बसलेली, म्हशीएवढी जड आणि म्हशीएवढीच शांत.

ती तिथे कशी आली ते ऐका.

चार मित्र होते. ड्रॉइंगचे मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, पालिकेतला हेडक्लार्क आणि एक न्हावी. न्हाव्याच्या दुकानात रोज सकाळी तिघांची बैठक. पेपर एक, वाचणारे तीन, आणि वस्तरा चालवता चालवता तिघांची अक्कल काढणारा चौथा. त्याला सगळे मालक म्हणत. कारण बाकीच्या तिघांनी जन्मभर दुसऱ्याच्या खुर्चीत बसून नोकरी केली. स्वतःच्या मालकीची खुर्ची असलेला हा एकटाच. हेडक्लार्कलाही मालकानेच नाव ठेवलं होतं, जोडपत्र. देव जरी अर्ज घेऊन टेबलासमोर आला असता तरी ह्याने मान वर न करता विचारलं असतं, "सोबत जोडपत्र कुठाय?"

मालक गेला. दोन आठवड्यांनी त्याच्या मुलीने तिघांना दुकानात बोलावलं. ती नर्स आहे, वायफळ बोलायची तिला सवय नाही. शटर अर्धं वर होतं, तिघे वाकून आत आले आणि नेहमीच्या बाकावर बसले. हेडक्लार्क टोकाला, जरा अंतर ठेवून. दोन वर्षांनी त्या बाकाला त्याचं बूड लागत होतं.

"बाबांनी लिहून काही ठेवलेलं नाही," मुलगी म्हणाली. "मला पाठ करायला लावलं. आरसा मास्तरकाकांना. पेपर वाचायचं नाटक करून ते पस्तीस वर्षं आरशातच बघत होते, म्हणाले."

मास्तरांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं.

"रेडिओ कंपाउंडरकाकांना. त्याला थोबाडीत दिल्याशिवाय तो बोलत नाही आणि बाबांच्या मते तुमचा हात हलका आहे."

कंपाउंडर हसला आणि मग त्याला रुमाल काढावा लागला.

"आणि खुर्ची जोडपत्रकाकांना." ती थांबली. "नाही म्हणाले तरी."

"म्हणजे?"

"एवढंच. 'खुर्ची जोडपत्राला. नाही म्हणाला तरी.' तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं."

हेडक्लार्कच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काय ते त्याला बरोबर कळलं, असं त्याला वाटलं. दोन वर्षांपूर्वी मालक दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण करायला त्याच्या टेबलाशी आला होता. हेडक्लार्कच्या निवृत्तीला आठवडा राहिलेला. अर्जाला फोटो दोन हवे होते, होता एक. पस्तीस वर्षं जो हात आपल्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो आणि ओरखडाही उठू देत नाही, त्या हाताने दिलेल्या कागदावर ह्या गृहस्थाने लाल शाईने लिहिलं, 'अपूर्ण', आणि कागद परत सरकवला. पुढे चार महिने मालक ह्या खिडकीतून त्या खिडकीत फिरला. तोंडातून एक शब्द काढला नाही. शिवी दिली असती तर मिटलं असतं. त्याने दिली नाही, म्हणून हेडक्लार्कने दुकानात जाणं सोडलं. आपण ज्याचं वाकडं केलं त्याचं तोंड बघायला आपल्यालाच आवडत नाही, आणि आपण त्याला म्हणतो, मानापमान.

मग मालक आजारी पडला. पाच महिने अंथरुणावर. मास्तर आणि कंपाउंडर रोज जाऊन बसत. हेडक्लार्क घरी बसून बोलावण्याची वाट बघत होता. आजाऱ्याने आमंत्रणपत्रिका छापावी, वर 'सहकुटुंब' लिहावं, मग हे जाणार. बोलावणं आलं नाही. बातमी आली.

तेव्हा ही खुर्ची म्हणजे शिक्षा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नाही म्हणायचीही सोय मेलेल्याने ठेवली नव्हती. ह्याला म्हणतात बिनपाण्याने करणं.

"कधी नेताय?" मुलीने विचारलं. "मला दुकान रिकामं करून द्यायचंय."

हेडक्लार्कने हातगाडी केली, चार हमाल केले. बायकोला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं की ठेवणार कुठे, आणि तो प्रश्न रास्त होता. इमारतीला लिफ्ट नाही. पहिला मजला निघाला. दुसराही निघाला. तिसऱ्याच्या वळणावर खुर्चीचा एक हात कठड्याच्या गजात गेला, पाय भिंतीला टेकला, आणि ती तिथे अशी बसली की जणू इथेच यायला निघाली होती. हमालांनी अर्धा तास जोर केला, भिंतीचा गिलावा काढला, एकमेकांच्या आयांची चौकशी केली आणि निघून गेले.

हेडक्लार्क वरच्या पायरीवर आणि शेजारी खालच्या पायरीवर असा तो दरबार भरला.

"आधी मोजमाप घ्यायला हवं होतं," पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले. काम बिघडल्यावर येणारा सल्ला इतका ताजा असतो की तो आदल्या दिवशी कुठे होता हा प्रश्न पडावा.

"तेल सोडा गजात," दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"गजच कापा."

"भिंत फोडा. एक वीट. कळणारसुद्धा नाही."

"मुळात आणलीच कशाला? आता तुम्ही घरी दुकान काढणार काय?"

"मित्राची आठवण आहे," हेडक्लार्क म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या कोरड्या आवाजात निघालं की बँकवाल्यांना ते सरकारी परिपत्रक वाटलं.

दोन दिवसांत इमारतीला खुर्चीची सवय झाली. वर जाणारा माणूस भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन जाई, आणि बरेच जण जाण्याऐवजी टेकत. काकू भाजीच्या पिशव्या घेऊन टेकल्या आणि त्यांच्या हातून बाजूचा दांडा ओढला गेला. खुर्ची सावकाश, मोठ्या अदबीने, वर उचलली गेली आणि वरच राहिली. काकूंचे पाय लटकले. खाली उतरवायला बँकवाले आणि त्यांचा जावई लागला. उतरल्यावर काकूंनी कशाबद्दल तक्रार केली? मानेबद्दल.

"खुर्ची वाकडी आहे हो. डोकं टेकलं की मान डावीकडे जाते."

मग बँकवाले बसले. "खरंच की. डावीकडे कलते." जावई बसला. पोस्टमन बसला, पत्रं मांडीवर ठेवून. सगळ्यांचं एकमत. इमारतीच्या इतिहासात कुठल्याही विषयावर सगळ्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ. खुर्ची वाकडी आहे.

एकटा हेडक्लार्क तिच्यात बसला नाही. जिन्यात बसणं त्याच्या पदाला शोभत नव्हतं. पद जाऊन दोन वर्षं झाली होती, पण शोभा राहिली होती. मात्र प्रत्येक 'वाकडी' त्याला सुईसारखी टोचत होती. म्हणजे दिली तीही मोडकी. दुकानात पस्तीस वर्षं आपण हिच्यात बसलो, तेव्हा कधी वाकडी नव्हती. मालकाने जाता जाता मुद्दाम बिघडवली असणार. घे, म्हणाला असेल, तुझा अपूर्ण कागद.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीची नोटीस आली. 'जिन्यात कोणतीही वस्तू ठेवण्यास सक्त मनाई आहे. व्यवसायोपयोगी वस्तू इमारतीत आणावयाची झाल्यास मूळ मालकाचे संमतीपत्र, व मूळ मालक मयत असल्यास मृत्यूचा दाखला सोबत जोडणे बंधनकारक राहील.' हेडक्लार्कने ती दोनदा वाचली. भाषा सुरेख होती. असणारच. बारा वर्षांपूर्वी बँकवाल्यांची सायकल जिन्यातून हटवायला हा नियम त्यानेच लिहून दिला होता.

तो सेक्रेटरीच्या खोलीत गेला. खोली तळमजल्यावर, मीटरच्या शेजारी. सेक्रेटरी वयाने चाळिशीचा, आदराने उठून उभा राहिला. "काका, तुमच्याकडूनच शिकलो. एकदा अपवाद केला की नियम मेला, हे तुम्हीच म्हणायचात."



म्हणून हेडक्लार्क त्याच्या जुन्या ऑफिसात गेला, मृत्यूचा दाखला काढायला. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूने. बाहेरून ती खिडकी फार खाली आहे, हे त्याला तेव्हा कळलं. वाकल्याशिवाय आतल्या माणसाचं तोंड दिसत नाही. आणि वाकणं त्याला जमत नव्हतं, कारण त्याची मान. चौतीस वर्षं टेलिफोन डाव्या कानाशी आणि खांद्याशी दाबून धरायचा आणि उजव्या हाताने लिहायचं, ह्यात त्याची मान डावीकडे कायमची कलली होती. उशी चालत नसे, बसची सीट चालत नसे. काचेच्या दाराच्या ज्या सलूनमध्ये तो हल्ली जाई तिथे मागे टेकून दाढी करवणं त्याने सोडूनच दिलं होतं.

खिडकीत बसलेली बाई त्याच्याच हाताखाली तयार झालेली. "सर, तुम्ही? बसा ना. म्हणजे, तिकडे बसायला नाहीये." तिने फॉर्म दिला. "भरून द्या, लगेच करते."

फॉर्म त्याला पाठ होता. नाव, दिनांक, ठिकाण. मग पाचवा रकाना. 'अर्जदाराचे मयताशी नाते.'

तिथे पेन थांबलं.

खाली कंसात यादी होती. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, इतर. इतर असल्यास खुलासा करावा. हा खुलासाही त्याच्याच काळात घातलेला. तो फळीला टेकून उभा राहिला. मागच्या माणसाने दोनदा खाकरलं.

"मित्र लिहा ना सर," आतून बाई म्हणाली. "चालवून घेईन."

चालवून घेण्याचा प्रश्न नव्हता. मित्र लिहायला माणसाकडे काहीतरी पुरावा लागतो, आणि ह्याच्याकडे पाच महिन्यांत एकही नव्हता. त्याने फॉर्मची घडी केली, खिशात घातली आणि उन्हातून चालत घरी आला.

खुर्चीवर अखेर एकच उपाय उरला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला फिटर बोलावला. त्याने पाने काढले, खुर्चीचे हात वेगळे केले, बैठक वेगळी, पाया वेगळा, आणि चार फेऱ्यांत तिसऱ्या मजल्यावर नेऊन पुन्हा जोडली. ज्यावर सगळी इमारत चार दिवस पीएचडी करत होती ते एका माणसाने दोन तासांत, शीळ घालत केलं.

"ही डोक्याची उशी वाकडी आहे," हेडक्लार्क म्हणाला. "ती सरळ कर. एकदम सरळ."

"होती खरी. उजवीकडे पाचर मारली होती कुणीतरी." ती पाचर फिटरने जिन्यात असतानाच काढली होती. "आता बघा. ओळंब्यात."

खुर्ची हॉलमध्ये, टीव्हीच्या आणि जेवणाच्या टेबलाच्या मधे उभी राहिली. हेडक्लार्कच्या बायकोने तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता टीव्ही बघायचा तर हिची परवानगी घ्यायला लागेल." पण फडकं आणून तिने तिचे हात पुसले.

तो बसला. आता घर होतं, जिना नव्हता. मागे टेकला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच मानेतून कळ निघाली ती थेट दाढेपर्यंत. तो उठला. उठताना त्याला आत कुठेतरी बरंसुद्धा वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण म्हणत होतो तेच खरं निघालं. शिक्षाच होती. दुसऱ्याने आपल्याला क्षमा केली नाही, हे कळण्यातही एक हलकटासारखं समाधान असतं. मग आपल्याला काही करायचं उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाची मुलगी आली. ड्यूटीवर जाता जाता, खांद्याला पिशवी. पिशवीतून तिने गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड काढलं, धुऊन इस्त्री केलेलं.

"हे खुर्चीसोबतचं. राहिलं होतं." आणि मग ती खुर्चीकडे बघतच राहिली. "काका, हे कुणी केलं?"

"काय?"

"उशी. उशी सरळ कुणी केली?"

"वाकडी होती. फिटरकडून करवून घेतली."

 मुलगी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसली. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना बसतात तशी, गुडघे जुळवून.

"पाचर बाबांनी मारली होती. तुमची मान दुखायला लागली त्या वर्षी. दुकानातली जुनी फळी तासून केली आणि तुम्हाला टोचू नये म्हणून वस्तरा घासायचा चामडी पट्टा कापून वर गुंडाळला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

हेडक्लार्कला माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की जगात एका खुर्चीत मान दुखत नाही. का दुखत नाही हे माणूस विचारत नाही. दुखलं तरच विचारतो.

"बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी बाबा डावीकडे टॉवेलची घडी ठेवायचे. प्रत्येक वेळी. तुम्ही यायचं बंद केलंत, तरी आजारी पडेपर्यंत ठेवत होते. लोक बोंबलायचे, मालक, खुर्ची वाकडी झाली, पाचर काढा. बाबा म्हणायचे, खुर्ची सरळ आहे, माझ्या मित्राची मान वाकडी आहे. तो आला की लागेल."

"मला बोलावलं नाही त्याने," हेडक्लार्क म्हणाला.

"मी म्हटलं होतं, बोलावते. तर म्हणाले, त्याला बोलावलं तर तो अर्ज मागेल." ती हसली नाही. "आणि म्हणाले, खुर्ची त्याला दे. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही ती. नाही म्हणाला तरी दे."

ती ड्यूटीला गेली. हेडक्लार्क चपला न घालता जिना उतरला.

फिटर गॅरेजमध्ये एका गाडीखाली होता. "लाकडाचा तुकडा? जिन्यातच टाकला मी." जिना झाडणारी बाई म्हणाली, "चांगला होता म्हणून फेकला नाही. सेक्रेटरींना दिला. त्यांचं दार आपटायचं."

सेक्रेटरीच्या खोलीचं दार उघडं होतं. मस्त उघडं होतं, आपटत नव्हतं. खाली, फरशी आणि दार ह्यांच्या मधे, काळ्या चामड्यात गुंडाळलेली पाचर.

"ती माझी आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"बसा ना काका. अहो चप्पल कुठाय तुमची?" सेक्रेटरीने रजिस्टर पुढे ओढलं. "हरकत काही नाही. फक्त सामायिक जागेत सापडलेली वस्तू आहे, तेव्हा एक साधा अर्ज. मालकीचा काही पुरावा असेल तर जोडा. कलम अकरा. तुम्हीच तर..."

"मीच," हेडक्लार्क म्हणाला.

आणि तो खाली वाकला. ती मान घेऊन वाकणं म्हणजे काय हे त्याचं त्याला. एक हात भिंतीला, एक गुडघा फरशीवर. पाचर घट्ट बसली होती. त्याने ती दोन्ही हातांनी ओढून काढली. अर्ज नाही, सही नाही, पोच नाही. दार त्याच्या मागे इतक्या जोरात आपटलं की मीटरच्या पेट्या खणखणल्या आणि पहिल्या मजल्यावरून बँकवाल्यांनी विचारलं, काय पडलं?

वर येऊन त्याने पाचर उशीखाली सरकवली. तीनदा चुकीची बसली. चौथ्यांदा बायकोने बॅटरी धरली तेव्हा लाकडाने आपली जुनी खाच ओळखली.

तो बसला, मागे टेकला. मान डावीकडे कलली आणि उशी तिच्या खाली आली. कळ आली नाही. तो वाट बघत राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आली नाही. बायकोने ते पांढरं कापड त्याच्या गळ्याभोवती टाकलं आणि मागे गाठ मारली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती आत गेली आणि तिने आतून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पालिकेत खिडकीशी उभा राहिला. खुर्ची वर आली होती, नोटिशीचं त्याला आता काही पडलं नव्हतं. तरी आला. खिशातला घडी पडलेला फॉर्म त्याने फळीवर सरळ केला, पाचवा रकाना भरला आणि आत सरकवला.

बाईने वाचलं. मयताशी नाते, इतर. खुलासा: मित्र. शेवटची दोन वर्षे विनापरवानगी गैरहजर.

तिने मान वर केली. खिडकी खाली होती, तरी त्याचं तोंड तिला दिसलं, कारण तो वाकला होता.

"सर," ती सवयीने म्हणाली, "सोबत जोडपत्र?"

"काही नाही," हेडक्लार्क म्हणाला. "अपूर्ण आहे."

तिने शिक्का मारला.